टॉलरन्सच्या बाहेर

'डेव्हिएशन' हा शब्द आपल्याला नवा नाही. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून बघायचा. फरक टॉलरन्सच्या आत असला तर जॉब पास, बाहेर गेला तर रिजेक्ट. समाजशास्त्रातही हाच शब्द वापरतात. मराठी पुस्तकांत त्याला 'विचलन' म्हटलेलं असतं. समाजाने ठरवलेल्या वागण्यापासून ढळणं म्हणजे विचलन, आणि त्यातलं जे कायद्याने शिक्षेला पात्र ठरवलं आहे तो गुन्हा. रांगेत मध्येच घुसणं हे विचलन, पाकीट मारणं हा गुन्हा. व्याख्या इतकी सोपी आहे की वाटतं, संपला विषय.

पण तो संपत नाही. शाफ्टच्या बाबतीत 'हे ड्रॉइंग कुणी काढलं?' असं आपण विचारत नाही, आणि शाफ्टचा चेहरा किंवा बापाचा पगार बघून कुणी त्याला पास-नापास करत नाही. माणसांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी होतात. शिवाय तिसरी एक भानगड असते. टॉलरन्स हळूहळू सैल होत जातो आणि सैल करणाऱ्यालाच ते कळत नाही. या तिसऱ्या भानगडीत एकदा सात जणांचा जीव गेला आणि त्यात नियम सैल करणारे सगळे आपल्यासारखेच इंजिनियर होते. त्या गोष्टीपर्यंत जायला आधी थोडी थिअरी बघावी लागेल. व्हायवाला कुणी विचारणार नाही, तेव्हा निवांत वाचा.

सुरुवात एका डॉक्टरपासून. इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसोने १८७६ साली 'गुन्हेगार माणूस' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं, गुन्हेगार हा जन्मतःच वेगळ्या घडणीचा असतो. मोठा जबडा, लांब हात, विचित्र कान, म्हणजे माणूस उत्क्रांतीत एक पायरी मागे राहिलेला! पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली आणि बाहेरच्या माणसांशी ताडून पाहिली. त्यात केंब्रिजचे विद्यार्थीही होते. १९१३ साली त्याने जाहीर केलं की गुन्हेगाराचा असा काही वेगळा शारीरिक नमुना सापडत नाही. शास्त्रापुरता लोम्ब्रोसो तिथे निकालात निघाला. हिंदी सिनेमात मात्र खलनायकाच्या गालावर वण असतोच, आणि मेसमधून डबा गेला की आधी कुणाकडे बघायचं हेही आपलं ठरलेलं असतं.

फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने १८९५ साली प्रश्नच उलटा केला. तो म्हणाला, गुन्हा नाही असा समाजच नाही, म्हणजे गुन्हा हा समाजाचा नेहमीचा भाग धरला पाहिजे. समजा एक मठ आहे आणि त्यात सगळे संतच राहतात. तिथे खून-चोऱ्या होणार नाहीत. पण बाहेर ज्या चुकीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, तिचा तिथे मोठा गवगवा होईल. थोडक्यात, रेषा कुठे ओढायची हे समूह ठरवतो, आणि ती ओढण्यासाठी त्याला कुणीतरी रेषेबाहेरचा लागतो.

यानंतर नाव येतं अमेरिकेच्या रॉबर्ट मर्टनचं. १९३८ सालच्या त्याच्या लेखाचा सांगाडा आपल्याला लगेच कळेल असा आहे. समाज माणसापुढे एक ध्येय ठेवतो आणि तिथे पोचायचे काही मान्य मार्ग ठेवतो. ध्येय सगळ्यांना सारखंच दाखवलं जातं, मार्ग मात्र सगळ्यांना सारखे मोकळे नसतात. मग माणसं पाच प्रकारे वागतात. ध्येय म्हणजे कॅम्पसमधून नोकरी असं धरा. अभ्यास करून ती मिळवू पाहणारा पहिला. ध्येय मान्य पण मार्ग स्वतःचा, म्हणजे बेंचखाली चिठ्ठ्या, हा दुसरा. मर्टन याला 'इनोव्हेटर' म्हणतो, त्याने शब्द मोठा उदार वापरला आहे! तिसरा ध्येय विसरून नुसता मार्ग धरून बसतो. समास आखून, शीर्षकाखाली लाल रेघ मारून जर्नल पूर्ण करतो. आत काय लिहिलंय ते त्यालाही माहीत नाही आणि सही करणाऱ्यालाही. चौथा दोन्ही सोडून दुपारी बारापर्यंत कॉटवर पडून असतो. पाचव्याला ध्येयही पटत नाही आणि मार्गही, तो दोन्ही बदलायला निघतो. मर्टन मला अर्धा पटतो. गरिबाच्या पोराने चोरी का केली ते त्यातून समजतं. ज्याला सगळे मार्ग मोकळे होते तो का चोरतो, हे नीटसं समजत नाही.

तिथे एडविन सदरलँड लागतो. याचं म्हणणं, गुन्हा शिकावा लागतो, जसं वेल्डिंग शिकावं लागतं. जवळच्या माणसांत राहून आपण करण्याची पद्धतही शिकतो आणि 'यात काही वावगं नाही' हे समर्थनही शिकतो. पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कुणी प्रॉक्सी मारत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चार जणांच्या आवाजात 'प्रेझेंट सर' म्हणता येतं. आणि ही शिकवणी झोपडपट्टीत चालते तशीच एअरकंडिशन्ड ऑफिसातही चालते, असं सदरलँडने दाखवलं. 'व्हाइट कॉलर क्राइम' हा शब्द त्याचा. १९४९ च्या त्याच्या पुस्तकात अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांचा हिशोब आहे. त्यांच्याविरुद्ध कोर्टांचे आणि सरकारी मंडळांचे मिळून ९८० निर्णय गेलेले, म्हणजे दर कंपनीमागे सरासरी १४. एखाद्या पाकीटमारावर चौदा केसेस असत्या तर आपण त्याला सराईत म्हटलं असतं. प्रकाशकाने घाबरून पुस्तकातून कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट आवृत्ती निघाली ती १९८३ साली, लेखक जाऊन तीस वर्षं उलटून गेल्यावर.

त्या समर्थनांची यादी ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ साली केली. बालगुन्हेगारांबद्दल त्यांचं म्हणणं असं, की या पोरांना चूक काय, बरोबर काय ते चांगलं माहीत असतं. ती नियम नाकारत नाहीत, आपल्यापुरता बाजूला सारतात. सारायच्या रीती पाच. मी केलं नाही, माझ्याकडून झालं. कुणाचं काय बिघडलं? त्याची तीच लायकी होती. बोलणारे तरी कुठले धुतल्या तांदळाचे? आणि शेवटची, दोस्तांसाठी करावं लागतं. आता हीच पाच वाक्यं रॅगिंगच्या संदर्भात पुन्हा वाचा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला, युजीसीचे देशभरासाठीचे नियम २००९ साली आले, त्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या वेळी आपण आणि पालक प्रतिज्ञापत्रंही भरतो. कागद सगळे जागेवर आहेत. पण 'आमचीही घेतली होती', 'त्याने ज्युनियर धीट होतो', 'गंमत होती, कुणाला लागलं का?' ही वाक्यं कुठल्याच कायद्याने शिकवलेली नाहीत, तरी ती दर बॅचला तोंडपाठ असतात. त्यांची शिकवणी रूममध्येच होते.

इथवर प्रश्न होता, माणूस नियम का मोडतो. १९६० च्या सुमारास काहींनी दुसराच प्रश्न विचारला: नियम तर बरेच जण मोडतात, मग शिक्का ठराविक जणांवरच का बसतो? हॉवर्ड बेकर हा त्यातला प्रमुख. गडी शिकागोच्या क्लबांत जॅझ पियानो वाजवायचा, त्यामुळे गांजा ओढणाऱ्यांचा अभ्यास त्याने आतून केला. १९६३ च्या 'आउटसायडर्स' या पुस्तकात तो म्हणतो की विचलन हा कृतीचा अंगचा गुण नाही. इतर लोक नियम लावतात आणि शिक्का मारतात, त्यातून ते तयार होतं.

याचा सगळ्यात वाचनीय पुरावा विल्यम चॅम्ब्लिसने १९७३ साली दिला. अमेरिकेतल्या एका हायस्कूलमधल्या पोरांच्या दोन टोळ्या त्याने दोन वर्षं जवळून पाहिल्या. एकीत आठ जण, चांगल्या घरचे. यांना त्याने 'सेंट्स' नाव दिलं, आपण 'सज्जन' म्हणू. दुसरीत सहा जण, गरीब घरचे, हे 'टगे'. सज्जन खोट्या चिठ्ठ्या देऊन शाळेतून सटकायचे, दारू पिऊन गाड्या हाणायचे. रस्त्यात खोदकाम चालू असलं की तिथले कंदील आणि अडथळे उचलून न्यायचे, आणि अंधारात कुणाची गाडी खड्ड्यात जाते याची वाट बघत बसायचे. विचार करा, एखाद्याचा जीव गेला असता. टगे मारामाऱ्या करायचे, बारीकसारीक चोऱ्या करायचे. चॅम्ब्लिसच्या हिशोबाने उपद्रव दोघांचा सारखाच. पण दोन वर्षांत एकाही सज्जनाला अटक झाली नाही आणि टग्यांपैकी प्रत्येकाला एकदा तरी झाली.

कारणं साधी होती. सज्जनांकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन उद्योग करायचे. टगे नाक्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पोलिसाने हटकलं की सज्जन नम्रपणे 'चुकलं सर' म्हणायचे, टगे उलट बोलायचे. मास्तरांनाही सज्जनांचे मार्क दिसायचे, संशयाचा फायदा त्यांनाच. शिक्क्याचे परिणाम पुढे दिसले. सज्जन बहुतेक सगळे कॉलेजात जाऊन बस्तान बसवून राहिले. टग्यांपैकी दोघांना फुटबॉलमुळे स्कॉलरशिप मिळाली, ते शिक्षक झाले. दोघे वेगवेगळ्या खुनांच्या गुन्ह्यांत तुरुंगात गेले. एडविन लेमर्टने १९५१ सालीच म्हटलं होतं की पहिली चूक वेगळी आणि शिक्का बसल्यावर त्या शिक्क्याबरहुकूम जगायला लागणं वेगळं. टग्यांच्या बाबतीत काहीसं तेच झालं.

यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही, असं म्हणाल तर खरं आहे. पण आपल्याकडची गोष्ट याहून भयंकर आहे, कारण इथे शिक्का आधी बसला आणि कृतीची वाट कुणी पाहिलीच नाही. १८७१ साली इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी! विचार असा, की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. आधी उत्तरेत आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासकट सगळीकडे, अख्ख्या जमातीच 'गुन्हेगार' म्हणून नोंदवल्या गेल्या. कैकाडी, पारधी, रामोशी, कंजारभाट अशी नावं आपल्या ओळखीची आहेत. पोलिसांकडे बोटांचे ठसे, गाव सोडायला पास, ठरल्या वेळी हजेरी. आपल्याला हजेरी म्हणजे ७५ टक्क्यांचा हिशोब. त्यांची हजेरी चुकली तर तुरुंग. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली अख्खी वसाहत होती. जुनी माणसं अजून त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटले, म्हणून 'विमुक्त'. पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली, आणि चोरी झाली की पहिली धाड पालांवर ही रीत चालूच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बेकरची थिअरी त्यात एका शब्दानेही नाही, आणि पानोपानी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की विमुक्त जमातीत जन्मला म्हणून कुणाला सराईत गुन्हेगार धरता येणार नाही. १८७१ पासून मोजा, १५३ वर्षं झाली.

म्हणजे काही जणांवर कृती नसताना शिक्का बसतो. मग याच्या उलटही होत असणार: कृती होते, सगळ्यांच्या देखत होते, कागदावर सह्या होऊन होते, आणि शिक्का मात्र बसत नाही, कारण ती विचलन आहे हेच कुणाला दिसत नाही. सुरुवातीला म्हटलेली गोष्ट ती हीच.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. सातही अंतराळवीर गेले. कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल: ओ-रिंग. यानाच्या दोन्ही बाजूंची घन इंधनाची बूस्टर रॉकेट्स युटामधल्या मॉर्टन थायकॉल कंपनीत तुकड्यांनी बनत, रेल्वेने फ्लोरिडाला येत आणि तिथे जोडली जात. प्रत्येक जोडात दोन रबरी रिंगा, जाडी जेमतेम ७ मिलिमीटर, घेर ११ मीटरच्या वर. आतला जळता गॅस बाहेर येऊ नये एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी थंडी फार होती. रबर कडक झालं आणि जोड वेळेत बंद झाला नाही.

डायान वॉन ही समाजशास्त्रज्ञ कंपन्यांच्या गुन्ह्यांवर काम करणारी. तिला वाटलं, हे सरळ सदरलँडचं प्रकरण आहे: वेळापत्रकाच्या दबावाखाली मॅनेजरांनी नियम मोडले. तिने हजारो पानं कागदपत्रं वाचली, माणसांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९९६ साली पुस्तक लिहिलं. त्यात तिचा निष्कर्ष वेगळाच निघाला. नियम मोडलेच नव्हते, पाळले होते. प्रत्येक पायरीवर तपासणी झाली होती, फॉर्म भरले होते, सह्या झाल्या होत्या.

मग झालं काय? डिझाइनप्रमाणे गरम गॅस रिंगेपर्यंत पोचायलाच नको. पण नोव्हेंबर १९८१ मध्ये, दुसऱ्याच उड्डाणानंतर एक रिंग खाल्लेली दिसली. हे ड्रॉइंगच्या बाहेरचं वागणं होतं. इंजिनियर बसले, चाचण्या केल्या, हिशोब मांडला. याच्या कितीतरी जास्त झीज झाली तरी रिंग टिकते, शिवाय मागे दुसरी रिंग आहेच. धोका मान्य करण्याजोगा. यान पुन्हा उडालं, सुखरूप आलं. पुढे पुन्हा झीज दिसली, थोडी जास्त. ती आता 'अनुभवाच्या मर्यादेत' होती, कारण अनुभवच वाढला होता. जानेवारी १९८५ मध्ये थंडीतल्या उड्डाणानंतर दोन रिंगांच्या मध्ये काळी काजळी सापडली. त्याच वर्षी एका जोडात पहिली रिंग पूर्ण जळून दुसरीलाही झळ लागल्याचं आढळलं. प्रत्येक वेळी नवं टॉलरन्स आधीच्या टॉलरन्सपासून जरासंच लांब. पहिल्यापासून किती लांब आलो ते कुणी मोजलं नाही. याला वॉनने नाव दिलं 'नॉर्मलायझेशन ऑफ डेव्हिएन्स', विचलन सवयीचं होऊन नेहमीचं वाटायला लागणं. चौकशी आयोगावरच्या रिचर्ड फाइनमनने याची छान खिल्ली उडवली आहे. रिंग एक तृतीयांश झिजली तरी चालली, म्हणून 'फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन' असं नासाचे लोक म्हणत होते. अरे, झिजायलाच नको होती ना! पुलाच्या तुळईला एक तृतीयांश खोल तडा गेला आणि पूल पडला नाही, तर त्याला कुणी सेफ्टी फॅक्टर तीन म्हणेल का? मशीन डिझाइनच्या पेपरात असं लिहिलं तर भोपळा मिळेल.

हॉस्टेलमध्ये हेच रोज चालतं. पाण्यात रॉड टाकला की फ्यूज उडते, म्हणून कुणीतरी जरा जाड तार घालतो. काही होत नाही. मग दुसरा रॉड, मग शेगडीची कॉइल, मग आणखी जाड तार. प्रत्येक वेळचा पुरावा एकच: काल काही झालं नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, फोनवरून लांबलचक बैठक झाली. थायकॉलचे रॉजर बॉइजोली आणि त्याचे सहकारी इंजिनियर म्हणत होते, १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. सकाळी थंडी त्याहून कितीतरी जास्त असणार होती. नासाच्या माणसांनी आकडे मागितले, आणि आकडे तोकडे होते. २४ अंशांवरच्या एका उड्डाणातही काजळी दिसली होती, मग थंडीचा संबंध कसा? गंमत म्हणजे उत्तर हाताशी होतं. नंतर आयोगाने झीज झालेली आणि न झालेली सगळीच उड्डाणं तापमानाप्रमाणे मांडली. १९ अंश आणि वरच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत त्रास, आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत. हा आलेख त्या रात्री कुणी काढला नव्हता. थायकॉलच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला. तिथे इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. चार मॅनेजरांनी मत दिलं, उडवा.

बेकरची आठवण होते ती पुढच्या भागामुळे. बॉइजोलीने जुलै १९८५ मध्येच लेखी कळवलं होतं की यात माणसं मरू शकतात. अपघातानंतर त्याने आयोगासमोर खरं काय ते सांगितलं, कागद दिले. कंपनीत मग त्याला वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं, आणि शेवटी त्याने नोकरी सोडली. ड्रॉइंगला धरून उभा राहिलेला तो, आणि त्या समूहात विचलित ठरला तोच.

यानंतर जोड नव्याने डिझाइन झाला, ओ-रिंगचा प्रश्न सुटला. पण यानाच्या मोठ्या टाकीवरच्या फोमचे तुकडे १९८१ च्या पहिल्या उड्डाणापासून निसटत होते, आणि डिझाइनप्रमाणे तेही निसटायला नको होते. दर वेळी यान परत यायचं, फरशा बदलायच्या, पुन्हा उडायचं. कागदोपत्री तो देखभालीचा विषय झाला. १६ जानेवारी २००३ ला 'कोलंबिया'च्या डाव्या पंखावर असाच एक तुकडा आदळला. यान वर असताना काही इंजिनियरांनी पंखाचे फोटो काढून मिळावेत म्हणून मागणी केली, ती पूर्ण झालीच नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, कल्पना चावलासकट सातजण गेले. चौकशी मंडळाने ज्यांना मदतीला बोलावलं त्यांत डायान वॉन होती.